दलालीची घासाघीस

दादरच्या मंडईत कोथिंबिरीच्या जुडीचे तीस रुपये सांगितले, तर आमच्या सौभाग्यवती पंचविसाला मागतात आणि सत्ताविसाला घेतात. मीही काही कमी नाही. रद्दीवाल्याचा तराजू मी दोनदा रिकामा करून पाहतो. असा हा मी, एका माणसाने सांगितलेला दर मात्र एकोणीस वर्षे मुकाट्याने देत आलो. तो माणूस म्हणजे माझा शेअर दलाल.

आता असे का व्हावे? मला वाटते, आपला मराठी मध्यमवर्गीय दलालाच्या पेढीत शिरतो, तेव्हा आपण देवळात आलो की पोलीस ठाण्यात, हेच त्याला उमजत नाही. आणि दोन्ही ठिकाणी भाव करायची पद्धत नाही!

२००५ साली खाते उघडले तेव्हा समोर आलेल्या कागदांवर मी चाळीसेक सह्या ठोकल्या. त्यांतल्या एका कागदावर दलालीचा दर लिहिला होता: शेकडा अर्धा रुपया. अर्धा रुपया म्हणजे किती तो! भिकारीसुद्धा घेणार नाही. पण २०२४ च्या एप्रिलात प्राप्तिकराची कागदपत्रे लावताना सहज वर्षाची बेरीज मारली आणि चष्मा पुसून पुन्हा मारली. माझी सारी पुंजी नऊ लाखांची. निवृत्तीनंतर हाताला दुसरा उद्योग नसल्यामुळे ‘हे विक, ते घे’ करीत वर्षाची उलाढाल गेली होती चोवीस लाखांवर. तिच्यावर दलाली बारा हजार, दलालीवर अठरा टक्के जीएसटी, एकूण १४,१६० रुपये. आणि त्याच वर्षी माझ्या कंपन्यांनी मला दिलेला लाभांश होता ११,३०० रुपये.

“म्हणजे बाग आपली आणि आंबे राखणदाराचे!” सौभाग्यवती म्हणाल्या.

त्या दिवशी मी कॉन्ट्रॅक्ट नोट नावाचा कागद प्रथमच नीट वाचला. सौदा झाल्यावर चोवीस तासांत तो दलालाने पाठवावाच लागतो, आणि त्यात भाव वेगळा, दलाली वेगळी दाखवावी लागते. लाख रुपयांचे शेअर घेतले, तर रोखे व्यवहार कराचे, म्हणजे त्या एसटीटीचे, शंभर रुपये. मुद्रांक शुल्क पंधरा. शेअरबाजाराचे शुल्क तीनेक रुपये. ‘सेबी’चे दहा पैसे. ह्यात घासाघीस नाही. ते सरकारचे आणि बाजाराचे देणे. मात्र दलालीचे पाचशे आणि तिच्यावरील कराचे नव्वद, हे ज्याच्याशी बोलता येईल अशा माणसाच्या हातातले. त्याला नियमांनी कमाल मर्यादा घातली आहे, शेकडा अडीच रुपयांची. किमान मर्यादा घातलेली नाही.

हे भाग्य सर्वांना नव्हते. न्यूयॉर्कच्या वॉल स्ट्रीटवर १७९२ साली चोवीस दलालांनी एका झाडाखाली करार केला, की शेकडा पाव डॉलरपेक्षा कमी दलाली कोणी घ्यायची नाही. झाड गेले, पण ठरीव दलालीची ती चाल पार १ मे १९७५ पर्यंत टिकली! लंडनची बंधने तर त्यानंतर अकरा वर्षांनी, १९८६ च्या ऑक्टोबरात सुटली. आपल्या मुंबईचे दलालही टाउन हॉलसमोरच्या वडाखालीच जमत, आणि १८७५ साली त्यांनी आपली संस्था स्थापन केली. झाडाखाली बसणाऱ्यांना दलाली का सुचते, हे एखाद्या वनस्पतिशास्त्रज्ञाने शोधावे.

असो. मी पेढीवर गेलो. जाताना वर्षाच्या उलाढालीचा कागद नेला, आणि सौदा कितीचाही असो वीस रुपये घेणाऱ्या, डिलिव्हरीवर काहीच न घेणाऱ्या नव्या दलालांचे छापील दरही नेले.

शेठनी चहा मागवला. कागद पाहिले. “साहेब, तिथे जा की. पण तुमचे ते कागदी शेअर डीमॅट करताना सही जुळेना, तेव्हा चार वेळा अर्ज कोणी भरून दिला?”

हे खरे होते. त्यांच्या माणसाने बँकेतून सही प्रमाणित करून आणण्यापर्यंत सारे केले होते. ते शेअर तसेच पडून राहिले असते, तर २०१९ च्या एप्रिलपासून मला ते विकताही आले नसते. मी गप्प झालो. अशा वेळी उपकाराची किंमत मनातल्या मनात करावी लागते, आणि ती वर्षाला चौदा हजार नक्कीच नव्हती.

“शेठ, तुम्हांला सोडायचे असते, तर सांगायला आलो नसतो. दहा पैसे करा.”

“तीस.”

कोथिंबीर आठवली. वीस पैशांवर तुटले. उठता उठता मी किमान दलालीचेही विचारले. हे कलम पुष्कळांना ठाऊक नसते. दर शेअरमागे ‘किमान पाच पैसे’ असे लिहिलेले असले, तर आठ रुपयांच्या शेअरवर तुमचे वीस पैसे शेकडा साडेबासष्ट पैसे होऊन बसतात. ते कलम काढले. “लेखी द्या” म्हणताना जीभ अडखळली, पण म्हणालो.

तरी पुढच्या सौद्याच्या नोटेत लाखावर दलाली पाचशेच! फोन केला. ‘संगणकात बदलायचे राहिले,’ असे उत्तर आले आणि फरक आठ दिवसांत जमा झाला. लेखी कागद नसता तर मी फोन केला असता की नाही, शंकाच आहे.

मग मात्र एक गंमत सुरू झाली. पूर्वी महिन्यातून एकदा येणारा पेढीवरच्या पोऱ्याचा फोन आता आठवड्यातून दोनदा येऊ लागला. “काका, हा घ्या, तो काढा, दलाली तर आता नावालाच आहे!” मलाही ते पटत होते. दोन महिने मी उत्साहाने घेतले आणि विकले.

एका रात्री सौभाग्यवतींनी वाणसामानाच्या वहीच्या मागल्या पानावर हिशेब मांडला. वीस पैशांनी चोवीस लाखांची उलाढाल केली, तर करासकट दलाली ५,६६४ रुपये. जुन्याच अर्ध्या रुपयाने, पण वर्षाला चारच लाखांची केली, तर २,३६०. शिवाय एसटीटीचे चोवीसशेऐवजी चारशे. ते तर कोणाशी घासाघीस करूनही सुटणारे नव्हते.

तेवढ्यात फोन वाजला. पोऱ्याचाच होता.

“अहो,” पेन्सिल खाली न ठेवता त्या म्हणाल्या, “वाजू दे तो.”