तिच्या हसण्याचं काय करायचं?

लेखमाला : मूकपट आणि त्यांचे प्रेक्षक (भाग ६)

चार्ली चॅप्लिनचा ‘सिटी लाइट्स’ पाहिलेली दोन माणसं भेटली की बोलणं थोड्याच वेळात शेवटच्या प्रसंगावर येतं. शेवटी फुलवाली मुलगी चार्लीला स्वीकारते की नाही? एकाचं म्हणणं असतं, तिने त्याचा हात छातीशी धरलाय, आणखी काय पुरावा हवा? दुसऱ्याला तिच्या चेहऱ्यावर धक्का दिसतो. ज्या श्रीमंत, देखण्या पुरुषाची स्वप्नं पाहिली, तो हा फाटका माणूस निघाला. गेल्या आठवड्यात आपण हॅरॉल्ड लॉइडच्या ‘गर्ल शाय’बद्दल (१९२४) बोललो. त्यातला नायक मिळेल ते वाहन पकडत लग्नघरी पोचतो, नायिकेला उचलून बाहेर आणतो आणि प्रेक्षक निर्धास्त मनाने घरी जातो. चॅप्लिनने प्रेक्षकासाठी ती सोय ठेवली नाही.

हा वाद मला आवडतो, पण त्याच्या भरात एक गोष्ट निसटते. चार्लीला ओळखण्याआधी ती मुलगी त्याला हसते. या चित्रपटाविषयी नव्वदहून अधिक वर्षं जी उलटसुलट मतं मांडली गेली, त्यांची किल्ली मला त्या हसण्यात सापडते.

आधी गोष्ट थोडक्यात. रस्त्याच्या कडेला फुलं विकणारी एक आंधळी मुलगी चॅप्लिनने रंगवलेल्या भटक्याला, चार्लीला, लखपती समजते. दुसरीकडे एक खराखुरा लखपती पाण्यात जीव द्यायला निघालेला असतो. चार्ली त्याला वाचवतो आणि तो चार्लीला जिवलग मित्र मानतो, पण फक्त नशेत असताना. शुद्धीवर आला की ओळखही दाखवत नाही. मुलीचं घरभाडं थकलेलं असतं आणि व्हिएन्नातला एक डॉक्टर अंधत्व बरं करतो अशी बातमी पेपरात आलेली असते. चार्ली रस्ते झाडतो, बॉक्सिंगच्या रिंगणात उतरतो. शेवटी नशेतला लखपती पैसे देतो, पण शुद्धीवर आल्यावर ते त्याला आठवत नाही आणि चार्लीवर चोरीचा आळ येतो. पैसे मुलीच्या हाती ठेवून चार्ली तुरुंगात जातो. एकाला हा माणूस दारू प्यायल्यावरच दिसतो, दुसरीला डोळे नसतात तोवरच.

ती त्याला लखपती का समजावी, या एका प्रश्नाने चॅप्लिनला फार छळलं. चित्रीकरण २७ डिसेंबर १९२८ रोजी सुरू झालं आणि संपायला १९३०चा उत्तरार्ध उजाडला. फूल विकण्याच्या प्रसंगाचे ३४२ टेक झाल्याची नोंद गिनीज बुकात आहे. शेवटी त्याला सुचलं ते असं : वाहनांच्या गर्दीत अडकलेला चार्ली पोलिसाला टाळण्यासाठी उभ्या मोटारीच्या एका दारातून आत शिरतो आणि दुसऱ्या दारातून फुटपाथवर उतरतो. दार लागतं. मुलगी त्या आवाजाच्या दिशेने फूल पुढे करते. मग मोटारीचा खरा मालक येऊन बसतो, पुन्हा दार लागतं, मोटार निघून जाते. मुलीला वाटतं, गिऱ्हाईक उरलेले पैसे न घेताच गेलं. चार्ली तिथेच उभा असतो. तिचा समज मोडू नये म्हणून तो पाऊल न वाजवता बाजूला होतो. जरा पलीकडे बसून तिच्याकडे टक लावून पाहत राहतो, तर ती डबा विसळून पाणी भिरकावते ते नेमकं त्याच्या तोंडावर.

सगळं कथानक दाराच्या आवाजावर उभं आहे आणि तो आवाज प्रेक्षकाला ऐकू येत नाही. आपण दार पाहतो, तिची वळलेली मान पाहतो आणि आवाज मनातल्या मनात पुरा करतो. ‘द जॅझ सिंगर’नंतर (१९२७) हॉलिवूड बोलू लागलं होतं. आपल्याकडे ‘आलम आरा’ मुंबईच्या मॅजेस्टिकमध्ये लागला तो १४ मार्च १९३१ रोजी, ‘सिटी लाइट्स’नंतर दीडच महिन्याने. त्या दिवसांत चॅप्लिनने संगीत स्वीकारलं, बरंचसं स्वतः रचलंही, पण संवाद नाकारले. पहिल्याच प्रसंगात ‘शांतता आणि समृद्धी’ नावाच्या पुतळ्याचं अनावरण होतं. भाषणं ठोकणाऱ्या पुढाऱ्यांच्या तोंडून नुसती पिपाणीसारखी चिरचिर निघते आणि पडदा सरकतो तेव्हा पुतळ्याच्या मांडीवर चार्ली झोपलेला असतो. मंदीने लोकांच्या नोकऱ्या जात होत्या तेव्हाचं हे दृश्य आहे.

पहिल्या प्रेक्षकांनी काय केलं, ते चॅप्लिनने आत्मचरित्रात लिहून ठेवलंय. लॉस एंजेलिसमध्ये आधी एक चाचणी खेळ झाला. थिएटर अर्धं रिकामं होतं. लोक गंभीर चित्रपट पाहायला आले होते आणि अर्धा चित्रपट सरेपर्यंत त्यांना कळेना की हे काय चाललंय. काही जण मधूनच उठून गेले. ३० जानेवारी १९३१ रोजी लॉस एंजेलिस थिएटरमध्ये रीतसर पहिला खेळ झाला तेव्हा आइन्स्टाइन दांपत्य चॅप्लिनसोबत बसलं होतं. लोक पोट धरून हसत असताना चित्रपट थांबला, दिवे लागले आणि लाउडस्पीकरवरून या नव्याकोऱ्या थिएटरच्या सोयींचं वर्णन सुरू झालं. चॅप्लिन संतापून व्यवस्थापकाच्या शोधात धावला. प्रेक्षकांनी पाय आपटून, हुर्यो उडवून ते निवेदन बंद पाडलं. मला हा प्रसंग फार मोलाचा वाटतो. ज्या कलेला सगळ्यांनी कालबाह्य ठरवलं होतं, तिच्यासाठी प्रेक्षक भांडले. शेवटच्या प्रसंगात आइन्स्टाइन डोळे पुसत होते, असंही चॅप्लिनने नोंदवलंय.

न्यूयॉर्कमध्ये वितरकांशी त्याचं जमलं नाही, तेव्हा त्याने जॉर्ज एम. कोहॅन थिएटर स्वतः भाड्याने घेतलं आणि सवाक चित्रपटांपेक्षा तिकीट महाग ठेवलं. तिथे चित्रपट बारा आठवडे चालला. लंडनच्या डोमिनियन थिएटरमधल्या पहिल्या खेळाला बर्नार्ड शॉ त्याच्यासोबत होते.

समीक्षकांच्या मतांचा आलेख मात्र सरळ चढत गेला नाही. जेम्स एजीने १९४९ साली ‘लाइफ’ मासिकात या शेवटाला सिनेमाच्या इतिहासातला सर्वोच्च क्षण ठरवलं. १९५२ साली ‘साइट अँड साउंड’ने समीक्षकांचा पहिला कौल घेतला तेव्हा ‘बायसिकल थीव्ह्ज’खालोखाल ‘सिटी लाइट्स’ आणि चॅप्लिनचाच ‘द गोल्ड रश’ बरोबरीने दुसरे आले. दहा वर्षांनी, १९६२च्या कौलात, दोन्ही पहिल्या दहातून गायब होते. त्या काळात बस्टर कीटनचे मूकपट नव्याने पाहिले जाऊ लागले होते. त्याच्या निर्विकार चेहऱ्यासमोर चॅप्लिन फार भावुक वाटू लागला. हसवता हसवता रडवणं हा त्याचा गुण होता, तोच दोष ठरला. पण आंद्रेई तारकोव्हस्कीने १९७२ साली आपल्या आवडत्या दहा चित्रपटांची यादी दिली, तेव्हा बर्गमन, ब्रेसाँ, कुरोसावा यांच्या पंगतीत त्याने ‘सिटी लाइट्स’ला बसवलं. अमेरिकन फिल्म इन्स्टिट्यूटच्या शंभर चित्रपटांच्या यादीत १९९८ साली तो ७६वा होता, २००७ साली ११वा झाला आणि २००८ साली त्याच संस्थेने त्याला प्रेमविनोदी चित्रपटांत पहिलं स्थान दिलं. चित्रपट तोच, त्यातली एक फ्रेमही बदललेली नाही.

भावुकतेचा आरोप मला पटत नाही आणि त्याचं कारण चित्रपटातच आहे. जिथे जिथे मन हळवं होऊ पाहतं, तिथे तिथे चॅप्लिन त्याला टपली मारतो. पहिल्या भेटीतलं तोंडावरचं पाणी आपण पाहिलंच. पुढे मुलीच्या घरी तो लोकर गुंडाळायला मदत करतो. तिच्या हाती चुकून त्याच्या बंडीचा धागा लागतो. ती गुंडाळत जाते, बंडी उसवत जाते आणि चार्ली हूं की चूं न करता बसून राहतो. तिला सांगितलं तर ती ओशाळेल, म्हणून तो अंगावरचं वस्त्र जाऊ देतो. हा त्याग आहे आणि आपण त्याला खदखदून हसतो. बॉक्सिंगचंही तसंच. हँक मान या नटाने केलेला प्रतिस्पर्धी, पंच आणि चार्ली एका तालात डावीउजवीकडे पावलं टाकतात. चार्ली पंचाच्या पाठीआड लपतो, संधी मिळाली की ठोसा मारतो आणि पुन्हा लपतो. हसून आपल्या डोळ्यांत पाणी येतं. पण हा माणूस तिच्या भाड्यासाठी मार खातोय आणि हरतोय.

म्हणजे चित्रपटभर आपण या माणसाच्या फाटकेपणाला, त्याच्या फजितीला हसत आलोय. आता शेवटचा प्रसंग पाहा. तुरुंगातून सुटलेला चार्ली कधी नव्हता इतका विटलेला आहे. पेपर विकणारी पोरं त्याला नळीतून वाटाणे मारतात, त्याच्या चड्डीतून बाहेर आलेलं फडकं ओढतात. तो गटाराशेजारी पडलेलं फूल उचलतो, वळतो, तर समोर काचेपलीकडे ती. तिला दृष्टी आलीये, फुलांचं स्वतःचं दुकान झालंय. हा खुळा आपल्याकडे बघत उभा राहिलाय याची तिला गंमत वाटते. आपण कुणावर तरी मोहिनी घातली, असं ती थट्टेने म्हणते. ती हसते. ज्या गोष्टींना आपण आतापर्यंत हसत होतो, नेमक्या त्याच गोष्टींना हसते. आणि पहिल्यांदाच आपल्याला ते हसणं सोसवत नाही. प्रेक्षक खुर्चीत जागच्या जागी पकडला जातो. चित्रपट पाहिलेल्यांचं एकमत होत नाही ते मला वाटतं यामुळेच. कुणी त्या क्षणी तिच्या बाजूने अवघडतो, कुणी चार्लीच्या बाजूने, आणि शेवटाचा अर्थ त्यावरून ठरतो. पंधराव्या वर्षी पाहिलेला शेवट पन्नाशीत वेगळा दिसतो, त्याचंही कारण हेच असावं.

पुढचं सगळं हातांनी घडतं. ती फूल आणि नाणं देऊ करते, तो काढता पाय घेतो, ती बाहेर येऊन त्याचा हात धरते आणि नाणं तळहातावर दाबते. बोटं थबकतात. तळहातावरून बाहीवर, बाहीवरून कोटावर सरकतात. डोळ्यांना जे कळलं नाही ते बोटांना कळतं. यानंतरची मोजकी वाक्यं पाट्यांवर येतात : आता दिसतं का, असं तो विचारतो आणि ती हो म्हणते. बारकाईने पाहणाऱ्यांना इथे एक चूकही सापडते. तिच्या बाजूच्या आणि त्याच्या बाजूच्या शॉट्समध्ये त्याचा फूल धरलेला हात जुळत नाही. ३४२ टेक घेणाऱ्या माणसाने ती चालवून घेतली, बहुधा चेहरे हवे तसे मिळाले होते म्हणून. ते सहजी मिळाले नव्हते. फुलवालीचं काम करणारी व्हर्जिनिया चेरिल अभिनयात अगदी नवखी होती. मध्यंतरी चॅप्लिनने तिला काढून टाकून ‘द गोल्ड रश’ची नायिका जॉर्जिया हेल हिच्याकडून हा प्रसंग करवून पाहिला आणि अखेर चेरिललाच परत बोलावलं. या चेहऱ्यावर नेमकं काय उमटलंय ते ठामपणे सांगता येत नाही, आणि या प्रसंगाला नेमका असाच चेहरा हवा होता.

ती त्याला स्वीकारते का, असं मला कुणी विचारलं तर मी हो म्हणेन. तिने हात सोडलेला नाही, एवढ्यावर. ज्यांना तसं वाटत नाही त्यांनी तो प्रसंग एकदा आवाज बंद करून पाहावा. चॅप्लिनचं संगीत होकाराकडे ढकलतं, त्याशिवाय चेहरे काय सांगतात ते तपासून पाहावं आणि मला कळवावं.

पुढच्या आठवड्यात बस्टर कीटनचा ‘सेव्हन चान्सेस’ (१९२५) : शेकडो नवऱ्या मुली एकाच माणसामागे धावतात तो.