बेरिज, सर मायकेल जॉन

(२२ ऑक्टोबर १९३८ – १३ फेब्रुवारी २०२०). ब्रिटिश कोशिकावैज्ञानिक व शरीरक्रियावैज्ञानिक. कोशिकेच्या बाह्य पटलातील एका लिपिडाचे (मेदसदृश पदार्थाचे) विघटन होऊन संदेश वाहून नेणारा एक लहान रेणू तयार होतो व तो कोशिकेच्या अंतर्भागातील साठ्यातून कॅल्शियम मुक्त करतो, या शोधाबद्दल ते प्रसिद्ध आहेत. या शोधापूर्वी लिपिडे ही मुख्यतः ऊर्जेचा साठा किंवा पटलाचे बांधकामद्रव्य मानली जात. बांधकामाचे हेच द्रव्य निरोपही पोहोचविते, हे बेरिज यांच्या कार्यामुळे निर्विवाद ठरले आणि मानसिक विकारांपासून कर्करोगापर्यंत अनेक रोगांच्या अभ्यासाला नवी दिशा मिळाली.

त्यांचा जन्म दक्षिण ऱ्होडेशियातील गटूमा (आताचे झिंबाब्वेमधील कडोमा) येथे झाला. सॉल्झबरी (आताचे हरारे) येथील विद्यापीठीय महाविद्यालयातून १९६० मध्ये पदवी घेतल्यावर ते इंग्लंडला गेले आणि केंब्रिज विद्यापीठात कीटकांच्या शरीरक्रियाविज्ञानाचे आद्य अभ्यासक सर व्हिन्सेंट विगल्सवर्थ यांच्या मार्गदर्शनाखाली त्यांनी पीएच्.डी. पदवी मिळविली. कपाशीच्या बोंडांवर उपजीविका करणाऱ्या तांबड्या ढेकण्या या कीटकाचे उत्सर्जन हा त्यांच्या प्रबंधाचा विषय होता. शिक्षण संपवून आफ्रिकेत परतण्याचा त्यांचा विचार होता. परंतु ऱ्होडेशियातील राजकीय परिस्थिती बिघडत गेल्याने तो त्यांनी सोडून दिला व ते अमेरिकेला गेले. तेथे प्रथम व्हर्जिनिया विद्यापीठात आणि नंतर क्लीव्हलँड येथील केस वेस्टर्न रिझर्व्ह विद्यापीठात त्यांनी संशोधन केले. १९६९ मध्ये ते केंब्रिजला परतले व कृषी संशोधन परिषदेच्या अपृष्ठवंशी प्राण्यांविषयीच्या संशोधन विभागात काम करू लागले. पुढील सर्व आयुष्य त्यांनी केंब्रिज व त्याच्या परिसरातच व्यतीत केले.

क्लीव्हलँडमध्ये त्यांनी अभ्यासासाठी निवडलेला अवयव म्हणजे निळ्या मांसमाशीची (कॅलिफोरा) लाला ग्रंथी. ही निवड प्रथमदर्शनी विचित्र वाटली, तरी पुढील यशाचे बरेचसे श्रेय तिलाच द्यावे लागते. ही ग्रंथी म्हणजे एक लांब, बारीक नळी असून तिच्या भित्तीत कोशिकांचा एकच थर असतो आणि त्या जवळजवळ सर्व एकाच प्रकारच्या असतात. नळी कापून पोषक विद्रावाच्या थेंबात ठेवली व तिचे मोकळे टोक द्रवरूप पॅराफिनात ओढून घेतले, तर टोकाशी लाळेचा गोल थेंब जमू लागतो. थेंबाचा व्यास सूक्ष्मदर्शकाखाली मोजला की स्राव किती झाला हे कळते. फारशी उपकरणे न लागणाऱ्या या पद्धतीने बेरिज यांनी व एन. जी. पटेल यांनी १९६८ मध्ये दाखवून दिले की, ५-हायड्रॉक्सिट्रिप्टामीन (सेरोटोनीन) या द्रव्याच्या अत्यल्प मात्रेने जवळजवळ थांबलेला स्राव अनेक पटींनी वाढतो. हे द्रव्य स्वतः कोशिकेत शिरत नाही. पटलावरील ग्राही प्रथिनाला ते बाहेरूनच चिकटते. मग बाहेरचा निरोप आत पोहोचतो कसा, हा प्रश्न उभा राहिला.

या प्रश्नाचे एक उत्तर त्या वेळी उपलब्ध होते. अर्ल सदरलँड यांनी चक्रीय एएमपी हा ‘दुसरा संदेशवाहक’ शोधून काढला होता (पहिला संदेशवाहक म्हणजे स्वतः हॉर्मोन). माशीच्या ग्रंथीतही चक्रीय एएमपी कार्य करीत असल्याचे दिसले, परंतु तेवढ्याने सर्व उलगडा होईना. सेरोटोनिनामुळे ग्रंथीतील कॅल्शियमाची हालचालही बदलत होती आणि तिचा चक्रीय एएमपीशी मेळ बसत नव्हता. दुसरा काही संदेशवाहक असला पाहिजे, असे बेरिज यांना वाटू लागले.

त्याचा माग एका जुन्या व काहीशा दुर्लक्षित निरीक्षणात होता. १९५३ मध्ये मेबल होकिन व लोवेल होकिन यांनी कबुतराच्या अग्निपिंडाचे काप ॲसिटिलकोलीन या द्रव्याने उत्तेजित केले असता पटलातील फॉस्फोलिपिडांत किरणोत्सर्गी फॉस्फरस झपाट्याने शिरतो, असे आढळले होते. पुढे हा बदल फॉस्फॅटिडिल इनॉसिटॉल या लिपिडात होत असल्याचे दिसून आले. इनॉसिटॉल हे शर्करेसारखे वलयी संयुग या लिपिडाच्या टोकाशी असते. या घटनेचा अर्थ बराच काळ लागला नाही. १९७५ मध्ये रॉबर्ट मिचेल यांनी या लिपिडाचे विघटन हेच कॅल्शियमाच्या हालचालीचे कारण असावे, असे मत मांडले. विघटन हे कॅल्शियम वाढल्याचा परिणाम आहे, कारण नव्हे, असा प्रतिपक्ष होता. दोन्ही घटना एकाच वेळी घडत असल्याने आधी कोणती व नंतर कोणती हे ठरविणे अवघड होते आणि वादाचे मूळ नेमके येथेच होते.

माशीच्या ग्रंथीवर हा वाद निकालात काढता आला. १९७९ मध्ये बेरिज व जॉन फेन यांनी ग्रंथीला सेरोटोनिनाची मोठी मात्रा दीर्घकाळ दिली. तेव्हा लिपिडाचा साठा संपत गेला आणि ग्रंथीतून होणारे कॅल्शियमाचे वहनही मंदावले. नंतर तीच ग्रंथी इनॉसिटॉलयुक्त विद्रावात ठेवली असता लिपिड पुन्हा तयार झाले व गमावलेली क्षमता परत आली. लिपिड नसेल तर कॅल्शियमही हलत नाही, हे त्यातून स्पष्ट झाले. यानंतर त्यांनी विघटनातून निघणारी द्रव्ये क्षणाक्षणाला मोजण्याचे काम हाती घेतले. साधे इनॉसिटॉल व त्याचे एकफॉस्फेट ही द्रव्ये सावकाश वाढत होती. तीन फॉस्फेट गट असलेले इनॉसिटॉल ट्रायफॉस्फेट मात्र उत्तेजनानंतर काही सेकंदांतच वाढलेले आढळले (१९८३). तेव्हा तुटणारे लिपिड सर्वपरिचित फॉस्फॅटिडिल इनॉसिटॉल नसून त्याचेच दोन अधिक फॉस्फेट असलेले दुर्मिळ रूप आहे व विघटन कॅल्शियमाच्या प्रतिसादास मागे टाकण्याइतके जलद आहे, असा निष्कर्ष निघाला.

इनॉसिटॉल ट्रायफॉस्फेट स्वतः कॅल्शियम मुक्त करते का, हे अजून पाहायचे होते. रेणू फॉस्फेटांमुळे विद्युत् भारित असल्याने तो बाहेरून दिल्यास पटल ओलांडत नाही. फ्रँकफुर्ट येथील मॅक्स प्लांक जीवभौतिकी संस्थेत हान्सपीटर श्ट्रेब व इरेने शुल्ट्स यांच्याकडे उंदराच्या अग्निपिंडातील कोशिकांची पटले सच्छिद्र करून त्यांतील कॅल्शियम मोजण्याची पद्धत होती. केंब्रिजजवळील बेब्राहम येथील रॉबिन अर्व्हिन यांच्याकडे शुद्ध इनॉसिटॉल ट्रायफॉस्फेट होते. चौघांनी मिळून केलेल्या प्रयोगात हा रेणू घालताच विद्रावातील कॅल्शियम वाढले. ते कलकणूंतून (कोशिकेतील ऊर्जानिर्मितीच्या घटकांतून) नव्हे, तर दुसऱ्या साठ्यातून आले, असेही दिसले. १९८३ च्या अखेरीस हा निबंध नेचर या नियतकालिकात प्रसिद्ध झाला. हा साठा अंतर्द्रव्यजालिकेत (कोशिकाद्रव्यातील नलिका व पिशव्यांच्या जाळ्यात) असतो. रेणूला प्रतिसाद देणारे तेथील ग्राही प्रथिन १९८८ मध्ये शुद्ध करण्यात आले आणि त्याच्या जनुकाची रचना पुढील वर्षी जपानमध्ये कात्सुहिको मिकोशिबा यांच्या गटाने उलगडली.

विघटनाचा दुसरा तुकडाही वाया जात नाही. पटलातच राहणारे डायॲसिल ग्लिसरॉल हे प्रोटीन कायनेज सी या एंझाइमास कार्यप्रवृत्त करते, हे कोबे विद्यापीठातील यासुतोमी निशिझुका यांनी स्वतंत्रपणे दाखविले होते. एका लिपिडाच्या तुटण्यातून असे दोन निरोप एकाच वेळी निघतात. शिवाय ते न तुटता त्याला आणखी एक फॉस्फेट जोडले गेल्यास तिसरा निरोप तयार होतो. तो कोशिकांच्या वाढीशी संबंधित असून त्याच्या नियमनातील बिघाड अनेक कर्करोगांत आढळतो.

विश्रांत अवस्थेत कोशिकाद्रव्यातील कॅल्शियमाची संहती बाहेरील द्रवातील संहतीच्या सुमारे दहा हजारांश असते. त्यामुळे थोडेसे कॅल्शियम सुटले तरी तो मोठा संकेत ठरतो. तो स्थिर राहात नाही; पातळी ठराविक अंतराने वरखाली होते. अशा दोलनांच्या खुणा बेरिज यांनी व पॉल रॅप यांनी माशीच्या ग्रंथीतच पाहिल्या होत्या (१९८१). निषेचन, स्नायूंचे आकुंचन, स्राव व स्मृती अशी भिन्न कार्ये एकाच आयनाकडून कशी होतात, याचे उत्तर दोलनांच्या वारंवारतेत व स्थानात आहे, असे प्रतिपादन त्यांनी पुढील दोन दशके केले. कॅल्शियम प्रमाणाबाहेर वाढल्यास तेच कोशिकेच्या मृत्यूस कारण होते.

रोगांच्या संदर्भात बेरिज यांचे सर्वांत लक्षणीय विवेचन लिथियमाविषयीचे आहे. ऑस्ट्रेलियातील जॉन केड यांनी १९४९ मध्ये उद्दीपन-अवसाद चित्तविकृतीवर (अतिउत्साह व खिन्नता यांचे आळीपाळीने झटके येणाऱ्या मनोविकारावर) लिथियमाच्या लवणांचा उपयोग होतो असे दाखविले. ते का उपयोगी पडते हे मात्र कळले नव्हते. इनॉसिटॉल एकफॉस्फेटापासून पुन्हा इनॉसिटॉल बनविणारे एंझाइम लिथियमामुळे दबते, ही माहिती विल्यम शर्मन व त्यांचे सहकारी यांच्या संशोधनातून मिळाली होती. बेरिज यांनी प्रथम लिथियम केवळ साधन म्हणून वापरले; पुनर्निर्मिती थांबल्यामुळे विघटनाची द्रव्ये साचत व मोजणे सोपे होई. यातूनच त्यांनी पीटर डाउन्स व मायकेल हॅन्ली यांच्यासह १९८२ मध्ये व अधिक विस्ताराने १९८९ मध्ये एक परिकल्पना मांडली. रक्तातील इनॉसिटॉल मेंदूत सहज शिरत नाही, म्हणून तंत्रिका कोशिकांना वापरलेले इनॉसिटॉल पुनःपुन्हा वापरावे लागते. लिथियमाने हा मार्ग अडविला की लिपिडाचा पुरवठा घटतो. या एंझाइमावरील लिथियमाची क्रिया विशेष प्रकारची असून एकफॉस्फेट जितके जास्त तितका दाब अधिक पडतो. परिणामी अतिरिक्त उत्तेजित झालेल्या कोशिका शमतात आणि नेहमीप्रमाणे काम करणाऱ्या कोशिकांना फारशी बाधा पोहोचत नाही. निरोगी माणसाच्या चित्तवृत्तीवर अल्प परिणाम करणारे औषध रुग्णास एवढे उपयोगी का, याचे इतके सुबक स्पष्टीकरण अन्य कोणी दिलेले नाही.

मात्र ते सिद्ध झाले आहे, असे म्हणता येत नाही. १९९६ मध्ये लिथियमाने जीएसके-३ हे अगदी वेगळे एंझाइमही दबते असे आढळले व त्यावर आधारलेले दुसरे स्पष्टीकरण पुढे आले. उलटपक्षी, याच विकारावर वापरली जाणारी व्हॅल्प्रोइक अम्ल व कार्बामाझेपीन ही औषधे तंत्रिका कोशिकांवर करीत असलेला परिणाम इनॉसिटॉल दिल्याने नाहीसा होतो, असे २००२ मध्ये दिसून आले. हा निष्कर्ष बेरिज यांच्या बाजूचा आहे. लिथियमाची उपयुक्त मात्रा व विषारी मात्रा यांत अंतर थोडे असते, मूत्रपिंड व अवटू ग्रंथी यांवर लक्ष ठेवावे लागते. म्हणून त्याच्या क्रियेचे खरे स्थान निश्चित होणे, हा रुग्णांच्या दृष्टीने केवळ तात्त्विक प्रश्न नाही.

इनॉसिटॉल ट्रायफॉस्फेटाच्या ग्राही प्रथिनाच्या जनुकातील दोषांमुळे तोल जाण्याचा एक आनुवंशिक मस्तिष्कविकार उद्भवतो. भारतात बंगळूर येथील राष्ट्रीय जीवविज्ञान केंद्रात (हे मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेचे केंद्र आहे) गैती हसन व त्यांचे सहकारी यांनी या ग्राही प्रथिनाचा अभ्यास फळमाशीत केला. त्यात दोष असलेल्या माश्या पंख पसरून बसतात व त्यांना उडता येत नाही. उतारवयात बेरिज अल्झायमर रोगाकडे वळले. तंत्रिका कोशिकांतील कॅल्शियमाची विश्रांत पातळी किंचित चढी राहिल्याने स्मृती टिकत नाहीत, असे त्यांचे मत होते व ड जीवनसत्त्वाच्या कमतरतेशीही त्यांनी त्याचा संबंध जोडला. या मताला प्रयोगांचा आधार अद्याप अपुरा आहे.

१९९० मध्ये ते बेब्राहम संस्थेत गेले व तेथील रेणवीय संकेतन प्रयोगशाळेचे प्रमुख झाले. निवृत्तीनंतर ते संस्थेचे पहिले गुणश्री अधिछात्र होते. कोशिकांच्या संकेतनावरील त्यांचा विस्तृत ग्रंथ इंटरनेटवर सर्वांना उपलब्ध करून देण्यात आला. रॉयल सोसायटीचे सदस्यत्व (१९८४), गेर्डनर पुरस्कार (१९८८), वुल्फ पुरस्कार (१९९४-९५, निशिझुका यांच्यासमवेत) व शॉ पुरस्कार (२००५) हे त्यांना मिळालेले काही सन्मान होत. १९९८ मध्ये त्यांना ‘सर’ हा किताब मिळाला. १९८९ चा लास्कर पुरस्कार त्यांना ॲल्फ्रेड गिलमन, एडविन क्रेब्स व निशिझुका यांच्याबरोबर विभागून देण्यात आला. यांपैकी क्रेब्स व गिलमन यांना पुढे नोबेल पारितोषिक मिळाले. लिपिडांच्या संकेतनावर काम करणाऱ्या उरलेल्या दोघांना मात्र ते मिळाले नाही.

केंब्रिज येथे ते मृत्यू पावले.