चार इंचांचा हिशेब

दुकानाच्या मागच्या भागात कामाचं टेबल आहे आणि त्या टेबलामागे बसणाऱ्या म्हाताऱ्याच्या उजव्या भुवईवर चंद्रकोरीच्या आकाराचा जुना व्रण आहे. गिऱ्हाईक ठासणीच्या बंदुकीसाठी स्कोप निवडायला आलं की तो आधी त्या व्रणावर बोट ठेवतो. "चार इंच," म्हणतो. "बाकीचं नंतर बोलू."

हा आग्नेय ओहायोतला डोंगराळ मुलूख. डिसेंबर संपत आलाय. जानेवारीच्या सुरुवातीला इथे चार दिवस ठासणीच्या बंदुकीचा वेगळा हंगाम असतो. नळीच्या तोंडातून आधी दारू ओतायची, मग गोळी सरकवायची, गजाने ठासायची, आणि इतकं करून हाती येतो एक बार. सिंधुदुर्गात शेतरक्षणाच्या परवान्यावर अशा बंदुका अजून अनेकांकडे आहेत. हरणाची शिकार मात्र आपल्याकडे वन्यजीव कायद्याने बंदच. त्यामुळे ठासणीची बंदूक म्हटली की आपल्या डोळ्यांसमोर येते ती लांब नळीची, काळवंडलेल्या लाकडाची वस्तू. तिच्या डोक्यावर नायट्रोजन भरलेली, क्लिकक्लिक फिरणाऱ्या चकत्यांची दुर्बीण हे चित्र पहिल्यांदा पाहणाऱ्याला विजोडच वाटेल.

शिकारीचं नाव ऐकूनच ज्यांच्या कपाळाला आठी पडते, त्यांच्यासाठी एवढंच: 1904 पर्यंत ओहायोतून पांढऱ्या शेपटीचं हरीण संपलं होतं. ते बाहेरून आणून पुन्हा वाढवलं, आणि 1943 मध्ये फक्त तीन काउंट्यांत हंगाम उघडला. आज तेच हरीण मक्याच्या शेतात कळपाने उतरतं. लांडगा आणि प्यूमा केव्हाच गेले. परवाना, संख्या, तारखा, वेळ, सगळं सरकार ठरवतं.

टेबलावर ठेवलेली बंदूक मात्र जुनी नाही. 1985 मध्ये मिसूरीतल्या टोनी नाइट या बंदूक-कारागिराने एमके-85 नावाची रायफल बाजारात आणली. तिच्यात ठिणगी बाजूने वळसा घेऊन येत नाही, दारूच्या थेट मागून सरळ रेषेत येते. या 'इनलाइन' बंदुकीने ठासणीचा सगळा धंदाच पालटला. तिच्यावर स्कोप बसवण्याची भोकं कारखान्यातूनच पाडलेली येतात. भोकं दिसली की हात स्कोपकडे जाणारच.

आज आलेला माणूस साठीच्या पुढचा शेतकरी आहे. त्याचं म्हणणं साधं आहे: मागची खाच, पुढची माशी आणि हरीण, तिन्ही एका वेळी स्पष्ट दिसायचे दिवस गेले. माशी स्पष्ट केली की हरीण धूसर, हरीण स्पष्ट केलं की खाच गायब. स्कोपमध्ये फुली आणि जनावर एकाच अंतरावर दिसतात, डोळ्याला तीन ठिकाणी धावावं लागत नाही. या कारणापुढे परंपरेचा कुठलाही युक्तिवाद लंगडा पडतो. अधू नजरेने नेम धरून जनावर जखमी करून सोडण्यापेक्षा काच बरी.

पण त्याच्या हातात जाहिरातीचं पान आहे, आणि बोट ठेवलंय ते 4-12×50 वर. म्हणजे चार ते बारा पट मोठं दाखवणारा, पुढची काच पन्नास मिलिमीटरची.

म्हातारा मान हलवतो. "तुझं रान किती लांबवर दिसतं?"

"शंभर यार्ड. ओढ्याकडे त्याहून कमी."

"मग बारा पटीत तुला हरणाचा कान दिसेल. हरीण कुठे आहे ते दिसणार नाही."

मग तो कागदावर भागाकार मांडतो. पुढच्या काचेचा व्यास भागिले पट, की स्कोपमधून डोळ्याकडे येणाऱ्या प्रकाशाच्या झोताची रुंदी मिळते. 50 भागिले 4 म्हणजे साडेबारा मिलिमीटर. अंधारात तरण्या माणसाची बाहुली फार तर सात मिलिमीटर उघडते, साठीनंतर पाचच्या आसपास. उरलेला प्रकाश भुवईवर आणि गालावर पडतो. 32 ची काच चार पटीवर आठ मिलिमीटरचा झोत देते, तोही या डोळ्याला पुरून उरतो. इथे सूर्योदयाआधी अर्धा तास ते सूर्यास्तानंतर अर्धा तास शिकारीला मुभा आहे आणि हरीण नेमकं त्या दोन टोकांनाच बाहेर पडतं, म्हणून मोठ्या काचेचा मोह सगळ्यांना होतो. त्या मंद उजेडात उपयोग होतो तो चांगल्या लेपाच्या काचेचा. पन्नासच्या आकड्याने होतं ते एवढंच, की स्कोप उंच कड्यांवर बसवावा लागतो, गाल दस्त्यावरून उचलला जातो आणि डोकं हवेत तरंगत राहतं.

आणि मग पुन्हा चार इंच.

डोळ्यापासून मागच्या काचेपर्यंत इतकं अंतर ठेवूनही पूर्ण चित्र दिसलं पाहिजे. ठासणीच्या बंदुकीत हे अंतर चैनीची गोष्ट नाही. दारूच्या पन्नास ग्रेनच्या गोट्या मिळतात. दोन टाकल्या तर धक्का सोसवतो. तीन टाकून वर जड गोळी बसवली की ही हलकी बंदूक नेहमीच्या हरणाच्या रायफलीपेक्षा जोरात मागे येते, आणि तिच्याबरोबर स्कोपची धातूची कडही येते. चढावर नेम धरताना डोकं नकळत पुढे सरकतं, तेव्हा तर हमखास. म्हाताऱ्याची चंद्रकोर तीन गोट्यांची आहे. शिवाय पट वाढवली की बऱ्याच स्कोपमध्ये हे अंतर कमी होतं. खोक्यावर छापलेले चार इंच तीन पटीवरचे असतात, नऊ पटीवर ते कमी भरतात. खोकं हे सांगत नाही.

माप घेण्याची त्याची रीत पाहण्यासारखी आहे. शेतकऱ्याला तो शिकारीचा जाड कोट घालायला लावतो, कारण कोटाच्या जाडीने बंदूक पुढे जाते आणि डोळ्याचं अंतर बदलतं. मग डोळे मिटायला सांगतो. मिटल्या डोळ्यांनी बंदूक खांद्याला, गाल दस्त्याला. "आता उघड." कडेला काळी सावली दिसली तर स्कोप अर्धा बोट सरकवायचा, पुन्हा डोळे मिटायचे. हे पाच-सहा वेळा चालतं. दुकानात दुसरं गिऱ्हाईक ताटकळत उभं असतं, त्याच्याकडे तो बघतही नाही. स्क्रू घट्ट करायला मात्र टॉर्कचा पाना. मुठीच्या जोरावर त्याचा विश्वास नाही, स्वतःच्याही नाही.

एक अडचण कुठल्याच जाहिरातीत नसते. घोडा बाहेर असलेल्या बंदुकीवर स्कोप बसला की घोडा त्याच्या खाली दडतो आणि हातमोज्यातला अंगठा तिथे पोचत नाही. म्हणून घोड्याला बाजूने एक छोटी दांडी जोडतात. ती बंदुकीच्या खोक्यातच असते आणि खोक्याबरोबरच फेकली जाते. म्हाताऱ्याच्या खणात अशा दांड्यांचा डबा भरलेला आहे.

शेतकरी आता खाली वर्तुळं असलेल्या जाळीबद्दल विचारतो. निकॉनने ठासणीच्या बंदुकीसाठी ओमेगा नावाचा स्कोप काढला होता, त्यात फुलीच्या खाली छोटी वर्तुळं होती: लांबच्या अंतरावर गोळी किती पडेल त्याचा ठोकताळा. कल्पना हुशारीची आहे, पण तिला दोन अटी आहेत. दारूचं माप आणि गोळीचं वजन कंपनीने धरलं तेच हवं. आणि अशा बहुतेक स्कोपमध्ये ती वर्तुळं ठरलेल्या एकाच पटीवर, सहसा सर्वांत मोठ्या पटीवर, खरी ठरतात. तीन पटीवर ठेवून खालच्या वर्तुळाने नेम धरला तर गोळी भलतीकडेच जाते. दोन गोट्या टाकून शंभर यार्डांवर जुळवलेली गोळी दोनशे यार्डांवर फूटभर किंवा त्याहून जास्त खाली गेलेली असते. हरणाच्या छातीतला मर्माचा भाग आठेक इंचांचा. वारा वेगळाच. बार उडाला की समोर पांढरा धूर उभा राहतो, जनावर पडलं की पळालं ते कळायला धूर विरेपर्यंत थांबावं लागतं, आणि दुसरा बार भरायला पुन्हा गज काढावा लागतो. या बंदुकीवर बारा पटीचा स्कोप म्हणजे दारूला न झेपणारं वचन काचेने देणं.

हा वाद एका दुकानापुरता नाही. कोलोरॅडोत ठासणीच्या हंगामात स्कोप चालतच नाही, दारूच्या गोट्याही नाहीत. पेनसिल्व्हेनियात नाताळानंतरचा हंगाम 1974 पासून चकमकीच्या बंदुकीचा आहे, तिथेही काच वर्ज्य. युटाने 2016 मध्ये मोठं दाखवणाऱ्या स्कोपना दार उघडलं आणि 2024 पासून ते पुन्हा लावून घेतलं. न्यू मेक्सिकोनेही तीच वाट धरली. कारण उघड आहे: वेगळा हंगाम दिला तो बंदूक अवघड आहे म्हणून. ती सोपी करून दिली तर वेगळा हंगाम कशाला?

स्कोपवाले यावर इतिहास काढतात, आणि इतिहास त्यांच्या बाजूनेही बोलतो. अमेरिकी यादवीत दक्षिणेच्या नेमबाजांकडे ब्रिटिश व्हिटवर्थ रायफली होत्या, ठासणीच्याच, आणि काहींच्या बाजूला डेव्हिडसनची दुर्बीण लावलेली. 9 मे 1864 रोजी स्पॉटसिल्व्हेनियाला उत्तरेचा जनरल जॉन सेजविक आपल्या सैनिकांना, एवढ्या अंतरावरून शत्रूला हत्तीसुद्धा टिपता यायचा नाही, असं सांगत होता. थोड्याच वेळात दक्षिणेच्याच एका नेमबाजाची गोळी त्याच्या डोळ्याखाली लागली. तेव्हा ठासणीच्या बंदुकीवरची काच आजची नाही हे खरं. पण तो पुरावा युद्धाचा आहे, शिकारीचा नाही.

शेतकऱ्याने शेवटी 2-7×32 घेतला, साध्या फुलीचा, चार इंच भरणारा. म्हाताऱ्याने तो दोन पटीवर फिरवून त्याच्या हातात दिला आणि हरीण दिसेपर्यंत तिथेच ठेवायला सांगितलं. निवड बरोबर आहे. ज्यांना लांबच्या नेमाचीच हौस आहे त्यांच्यासाठी ओहायोने 2014 पासून नियमित बंदूक-हंगामात सरळ भिंतीच्या काडतुसाच्या रायफली मोकळ्या केल्या आहेत. त्यांनी मोठा स्कोप तिथे लावावा.