वैनगंगेकाठचा मोगली आणि पडद्यावरचे जंगल

महाराष्ट्राच्या गोंदिया जिल्ह्याला लागून असलेला मध्य प्रदेशातील बालाघाट जिल्हा वैनगंगा नदी, मॅंगनीज व तांब्याच्या खाणी आणि साल-बांबूच्या जंगलांसाठी ओळखला जातो. हिंदी, मराठी, पोवारी आणि गोंडी या भाषा तेथे शेजारी नांदतात. मात्र याच परिसराची आणखी एक ओळख जगभरातील घराघरांत पोहोचली आहे. दूरचित्रवाणी मालिका, चित्रपट आणि व्हिडिओ गेम यांतून भेटणारा मोगली याच वैनगंगेच्या पाण्यावर वाढलेला आहे.

रुडयार्ड किपलिंग यांचे ‘द जंगल बुक’ १८९४ मध्ये प्रसिद्ध झाले. त्यातील मोगलीच्या कथा सिवनीच्या टेकड्यांत आणि वैनगंगेच्या काठी घडतात. उगमाच्या सिवनी जिल्ह्यातून ही नदी बालाघाटमध्ये उतरते. दुष्काळात तिचे पात्र आटले की एक खडक उघडा पडतो आणि तो दिसत असेपर्यंत पाण्यावर आलेल्या कोणत्याही प्राण्याची शिकार करायची नाही, असा जंगलाचा नियम किपलिंग यांनी रंगवला. विशेष म्हणजे मुंबईत जन्मलेल्या या लेखकाने हे पुस्तक अमेरिकेतील व्हरमाँट येथे राहून लिहिले. सातपुड्याच्या तपशिलांसाठी त्यांना रॉबर्ट स्टर्नडेल यांच्या सिवनीविषयक पुस्तकाचा आधार होता. म्हणजे या जंगलाची पहिली जगप्रसिद्ध प्रतिमाच मुळात दुरून रेखाटलेली होती.

पुस्तकातून पडद्यावर

पुढील रूपांतरांत हे अंतर वाढत गेले. डिस्नेच्या १९६७ च्या चित्रपटात माकडांचा राजा म्हणून ओरांगउटान आला. हा प्राणी भारतीय जंगलांत आढळत नाही, तो सुमात्रा-बोर्निओचा. पुस्तकात मोगलीचा हितचिंतक असलेला अजगर ‘का’ याच चित्रपटात खलनायक झाला.

जपानच्या निप्पॉन अॅनिमेशनने १९८९ मध्ये सुरू केलेली ५२ भागांची मालिका हिंदीत भाषांतरित होऊन १९९३ मध्ये दूरदर्शनवर आली. गुलजार यांचे शीर्षकगीत, विशाल भारद्वाज यांचे संगीत आणि शेरखानाला नाना पाटेकर यांचा आवाज यांमुळे रविवारची सकाळ म्हणजे मोगली, असे समीकरण त्या पिढीच्या मनात रुजले. बालाघाटमधील मुलांना आपल्याच नदीकाठची कथा जपानी चित्रकारांच्या हातून आणि मराठी अभिनेत्याच्या हिंदी आवाजात भेटत होती.

याच सुमारास मोगली व्हिडिओ गेममध्ये उतरला. डिस्नेच्या चित्रपटावर आधारित हा गेम १९९३-९४ मध्ये सेगा आणि निन्टेन्डोच्या यंत्रांवर आला. खेळणाऱ्याने मोगली होऊन वेलींना लटकायचे, शत्रूंवर केळी फेकायची आणि ठरलेल्या वेळेत रत्ने गोळा करायची, असे त्याचे स्वरूप होते. येथे जंगलाचा अर्थ बदलला. किपलिंग यांच्या कथेतील जंगल नियमांनी बांधलेला समाज होता; गेममध्ये तो अडथळ्यांचा मार्ग झाला. २०१६ च्या चित्रपटातील जंगल तर लॉस एंजेलिसमधील स्टुडिओत संगणकाच्या साह्याने उभे राहिले.

खरे जंगल काय सांगते?

कान्हा राष्ट्रीय उद्यान मंडला आणि बालाघाट या दोन जिल्ह्यांत पसरले आहे. त्याचे मुक्की प्रवेशद्वार बालाघाटच्या बाजूला आहे. येथील कठीण जमिनीवर राहणाऱ्या बारशिंग्यांची संख्या १९७० मध्ये अवघ्या ६६ वर आली होती आणि जगात ही उपजाती अन्यत्र कोठेही उरली नव्हती. गवताळ कुरणांची जपणूक आणि हिंस्र श्वापदांपासून सुरक्षित कुंपण यांच्या बळावर ती पुन्हा सावरली. या कुरणांसाठी जंगलातील गावे हलवावी लागली; बैगा आणि गोंड कुटुंबांना वस्ती सोडावी लागली. शर्थ, यश आणि त्याची किंमत हे सारे त्या कथेत आहे. परंतु मोगलीच्या गाजलेल्या गेममध्ये वा चित्रपटांत तिला जागा मिळालेली नाही.

२०१७ मध्ये कान्हा व्याघ्रप्रकल्पाने ‘भूरसिंग’ नावाचा बारशिंगा आपले बोधचिन्ह म्हणून स्वीकारला. व्याघ्रप्रकल्पाने असे पात्र निर्माण करण्याची ही देशातील पहिलीच वेळ होती. परंतु भूरसिंग अद्याप माहितीफलकांचा आणि स्मरणवस्तूंचा नायक आहे, खेळाचा नव्हे.

चाहते आहेत, निर्माते हवेत

भारतात २०११ मध्ये दिल्लीत पहिला कॉमिक कॉन भरला. आवडत्या पात्राचा वेष करून येणाऱ्या चाहत्यांचे असे मेळावे नंतर मुंबई, बंगळूरु, हैदराबाद येथेही होऊ लागले. त्यांतील बरेच वेष जपानी आणि अमेरिकी नायकांचे असतात. यात गैर काहीच नाही; आवडीला सीमा नसते. प्रश्न एवढाच की, आपल्या भूमीतील पात्रे त्या गर्दीत का दिसू नयेत?

हे अशक्य नाही, हे पुण्याने दाखवून दिले आहे. तेथील नॉडिंग हेड्स गेम्स या छोट्या संस्थेने २०२० मध्ये ‘राजी: अॅन एन्शंट एपिक’ हा गेम आणला. भावाच्या शोधात असुरांशी लढणाऱ्या मुलीची ही कथा त्या वर्षीच्या ‘द गेम अवॉर्ड्स’मध्ये सर्वोत्तम पदार्पणाच्या नामांकनापर्यंत पोहोचली.

इतरांनी रंगवलेली प्रतिमा किती चिवट असते, हे गोमंतकीयांना वेगळे सांगायला नको. हिंदी चित्रपटातील गोवा किनाऱ्यावरच सुरू होतो आणि तेथेच संपतो. वैनगंगेचेही तसेच झाले. तिची कथा सव्वाशेहून अधिक वर्षे व्हरमाँट, टोकियो आणि लॉस एंजेलिस येथून सांगितली गेली. मोगली साऱ्या जगाचा झाला, हा बालाघाटचा सन्मानच होय. परंतु पुढचा खेळ बारशिंग्याच्या कुरणातून सुरू व्हायचा असेल, तर तो ते कुरण पाहिलेल्या कोणीतरी रचायला हवा.