फोनोग्राफचा कर्णा आवाज वाढवत नाही, मग करतो काय?

दिवाळीत घरी धाराशिवला गेले होते. मित्राच्या काकांचा तुळजापूरहून फोन आला, "पोरी, तू आवाजावर पीएचडी करतीस ना? येऊन बघ, मशीन चालू झाली."

मशीन म्हणजे एडिसनचा सिलिंडर फोनोग्राफ. काकांनी तो जुन्या बाजारातून मोडक्या अवस्थेत आणला होता. दोन वर्षं खपून स्प्रिंग बदलली, पट्टा बसवला, गंजलेला कर्णा घासून रंगवला आणि त्यावर फुलं काढून घेतली. धोत्र्याच्या फुलासारखा तो कर्णा बघूनच लोक खूश होतात.

आधी एक घोळ मिटवू. हा ग्रामोफोन नाही. ग्रामोफोनवर सपाट तबकडी फिरते, फोनोग्राफवर पेल्याएवढी पोकळ नळी. एडिसननं फोनोग्राफ १८७७ मध्ये बनवला, तबकडी त्यानंतर दहा वर्षांनी आली. एचएमव्हीच्या चित्रातला कुत्राही मुळात सिलिंडर फोनोग्राफसमोरच बसलेला होता. चित्रकारानं नंतर त्यावर ग्रामोफोन रंगवला!

दुसरा फरक जास्त महत्त्वाचा. ग्रामोफोन फक्त वाजवायचा. फोनोग्राफवर मात्र घरबसल्या रेकॉर्डिंगही करता यायचं. कोरी नळी चढवायची, कापणारी सुई लावायची आणि कर्ण्यात तोंड घालून बोलायचं.

आवाज नळीवर उमटतो कसा? सुई खाच कापत जाते आणि आवाजाच्या कंपनांप्रमाणे वर-खाली होते. म्हणजे खाचेच्या तळाशी चढ-उतार तयार होतात. नळी मिनिटाला १६० फेरे घेते, व्यास साधारण साडेपाच सेंटीमीटर. हिशेब केला तर सुईखालून सेकंदाला सुमारे ४६ सेंटीमीटर पृष्ठभाग जातो. २००० हर्ट्झच्या सुराची एक लाट तिथं जेमतेम पाव मिलिमीटर लांब असते आणि तिची खोली काही मायक्रॉन. आपला केस साधारण ७० मायक्रॉन जाड असतो, यावरून अंदाज घ्या.

आता कर्णा. काका म्हणाले, "आवाज मोठा करतो तो." खरं तर कर्णा स्वतःची ऊर्जा टाकतच नाही. इथं वीज नाही, अ‍ॅम्प्लिफायर नाही. सगळी ऊर्जा तुम्ही चावी देताना स्प्रिंगमध्ये भरलेली.

मग होतं काय? हौदाच्या पाण्यात एक बोट हलवा. पाणी बाजूनं निसटतं, लाट फारशी उठत नाही. तळहात हलवा, लाट उठते. सुईला जोडलेली पातळ चकती त्या बोटासारखी आहे. उघड्यावर ती थरथरली की हवा बाजूला सरकते आणि आवाज बनतच नाही. कर्ण्याच्या अरुंद टोकात हवेला निसटायला जागा नसते, त्यामुळे चकतीला तिला ढकलावंच लागतं. पुढं कर्णा हळूहळू रुंद होतो आणि तीच लाट खोलीभरच्या हवेच्या हवाली करतो. रुंदी एकदम वाढली तर बरीचशी लाट मागं परतते. आमच्या भाषेत याला इम्पिडन्स जुळवणं म्हणतात. सनईचं पसरट तोंड किंवा तुतारी बघा, तत्त्व तेच.

मर्यादाही यातूनच येते. १०० हर्ट्झच्या सुराची लाट हवेत जवळजवळ साडेतीन मीटर लांब असते. अर्धा मीटर तोंडाचा कर्णा तिला नीट बाहेर सोडू शकत नाही. म्हणून खर्ज गायब आणि आवाज नाकातून आल्यासारखा.

काकांनी निळी नळी लावली. ही सेल्युलॉइडची, टणक. बँड छान वाजला. मग त्यांनी पुठ्ठ्याच्या डबीतून दुसरी काढली, तपकिरी. वर लेबल नाही आणि पांढरे ठिपके. बहुतेक कुणीतरी घरी केलेलं रेकॉर्डिंग.

"ही लाव आता. कुणाचा आवाज हाय बघू."

मी हात धरला. तपकिरी नळीला सगळे मेण म्हणतात, पण ते बहुतांशी एक प्रकारचा धातूयुक्त साबण आहे. पांढरे ठिपके म्हणजे बुरशी, आणि ती पृष्ठभाग खाते. त्यावर जड सुई फिरवली की ते मायक्रॉनभर चढ-उतार खरवडले जातात. कदाचित एकदा ऐकू येईल, आणि ते शेवटचं असेल.

"मग काय लोणचं घालू ह्याचं?" काका चिडले. त्यांचंही बरोबर होतं. दोन वर्षं कशासाठी खपले?

भारतात सिलिंडर थोडे. कलकत्त्यात हेमेंद्रमोहन बोस यांनी विसाव्या शतकाच्या सुरुवातीला सिलिंडरवर रेकॉर्डिंग केलं, रवींद्रनाथांचा आवाजही घेतला. पण १९०२ पासून इथं तबकड्यांची रेकॉर्डिंग सुरू झाली होती. छापायला आणि ठेवायला त्या सोप्या, त्यामुळे बाजार त्यांचाच झाला. म्हणून अशी एखादी नळी सापडली तर ती एकमेव प्रत असू शकते.

उपाय आहे. अमेरिकेतल्या लॉरेन्स बर्कली प्रयोगशाळेत कार्ल हेबर आणि सहकाऱ्यांनी कण-भौतिकीतली मोजमापाची पद्धत इथं वापरली. खाचेला स्पर्श न करता प्रकाशानं तिची खोली मोजायची आणि संगणकानं त्यातून आवाज काढायचा. कॅलिफोर्नियातल्या आदिवासी भाषांच्या शेकडो मेणनळ्या अशाच वाचल्या गेल्या. त्यातल्या काही भाषा आज कुणाचीच मातृभाषा नाहीत.

तोवर आपण काय करायचं? नळी आतून दोन बोटं फाकवून उचला, बाहेरून धरू नका. हाताच्या उबेनंही ती तडकू शकते. धुवू नका, पुसू नका. थंड, कोरड्या जागी उभी ठेवा. आपल्याकडच्या एप्रिल-मेमध्ये पत्र्याच्या खोलीत तर अजिबात नको.

काकांनी नळी डबीत ठेवली, डबी देवघराशेजारच्या कपाटात. निघताना म्हणाले, "कधी वाचता आली तर आधी मला सांग. मी नसलो तर माझ्या नातीला."

मी वहीत नोंद केली आहे.