सासूबाईंच्या मेंदूचा फोटो

"सूनबाई, माझ्या पाटल्या तूच घेतल्यास!"

गेल्या दिवाळीच्या आधी सासूबाईंनी हे वाक्य मला ऐकवले, आणि तेही घरात पाहुणे बसलेले असताना! मी चकलीची भाजणी भाजत होते; हातातले उलथने हातातच राहिले. तीस वर्षे आम्ही एका घरात काढली. भांडलोही पुष्कळ. पण चोरीचा आळ कधी आला नव्हता. पाटल्या दुसऱ्या दिवशी तांदळाच्या डब्यात सापडल्या. ठेवल्या होत्या त्यांनीच. पण ते त्या कबूल करतील तर शपथ!

"वय झाले की असे व्हायचेच," आमचे हे म्हणाले. पण एकदा सासूबाई देवळातून परत येताना नेहमीच्या वळणावरच वाट चुकल्या, तेव्हा ह्यांचाही धीर सुटला. आम्ही त्यांना मेंदूच्या डॉक्टरांकडे नेले.

डॉक्टरांनी तीन शब्द सांगून थोड्या वेळाने परत विचारले. कागदावर घड्याळ काढायला लावले. थायरॉइड आणि बी-१२ जीवनसत्त्व यांसाठी रक्त तपासले. मग म्हणाले, "मेंदूचा एम. आर. आय. काढू."

"फोटो काढल्याने विसरणे थोडेच थांबणार?" मी विचारले.

डॉक्टर हसले. "बाई, बरे होण्यासारखे काही आहे का, ते आधी पाहायचे असते. म्हाताऱ्या माणसाचे डोके कुठे तरी आपटते, सगळे विसरून जातात. पण कवटी आणि मेंदू यांच्यामध्ये रक्त हळूहळू साचत राहते आणि काही आठवड्यांनी माणूस भ्रमिष्टासारखा वागू लागतो. ते रक्त काढून टाकले की पुष्कळदा सुधारतो. कधी मेंदूतल्या पोकळ्यांत पाणी वाढते. चाल अडखळते, लघवीवर ताबा राहत नाही, विसर पडतो. त्यावरही नळी बसवण्याचा उपाय आहे. कधी गाठ असते. हे सारे फोटोत दिसते."

त्या रात्री मी देवाला चमत्कारिक नवस बोलले. आईंच्या डोक्यात रक्त साचलेले निघू दे, म्हटले!

एम. आर. आय.मध्ये क्ष-किरण नसतात. प्रचंड शक्तीचे लोहचुंबक आणि रेडिओच्या लहरी यांच्या साह्याने तो फोटो निघतो. म्हणून आत जाण्यापूर्वी अंगावरचे सगळे दागिने उतरवावे लागतात. सासूबाईंनी पाटल्या काढून मुकाट्याने माझ्या हातात दिल्या. अर्धा तास ते यंत्र ठकठक करीत होते. बाहेर येताच त्यांनी मनगटे चाचपली आणि माझ्याकडे रोखून पाहिले. "माझ्या पाटल्या?"

नवस फळला नाही. रक्त नव्हते, गाठ नव्हती, पाणीही नव्हते. डॉक्टरांनी पडद्यावर एक जागा दाखवली. दोन्ही कानांच्या आतल्या बाजूस, मेंदूत खोलवर, हिप्पोकॅम्पस नावाचा एकेक भाग असतो. समुद्री घोड्याच्या आकारावरून त्याला हे नाव पडले. नव्या आठवणी साठवण्याचे काम मुख्यतः त्याचे. सासूबाईंचे हे दोन्ही भाग चांगलेच आकसले होते. "नुसत्या ह्या फोटोवरून मी बोलत नाही," डॉक्टर म्हणाले. "पण तुमची हकिकत, चाचण्या आणि हा फोटो, तिन्ही एकाच रोगाकडे बोट दाखवतात. अल्झायमर."

घरी येऊन मी मिळेल ते वाचून काढले. १९०१ साली जर्मनीत फ्रँकफर्टच्या रुग्णालयात ऑगस्ट डेटर नावाची ५१ वर्षांची बाई दाखल झाली. डॉ. आलोइस अल्झायमर यांनी तिची हकिकत लिहून ठेवली आहे. रोगाची सुरुवात झाली ती नवऱ्याविषयीच्या संशयाने. पुढे ती घरातल्या वस्तू इकडेतिकडे लपवू लागली. वाचता वाचता मला तांदळाचा डबा आठवला! १९०६ साली ती वारली, तेव्हा तिच्या मेंदूचे काप सूक्ष्मदर्शकाखाली पाहून अल्झायमर यांना त्यात डाग आणि गुंतलेले तंतू आढळले. म्हणजे खरे उत्तर मिळाले ते मृत्यूनंतर.

जिवंत माणसाच्या मेंदूत डोकावण्याची सोय पुष्कळ उशिरा झाली. १९७१ साली लंडनमध्ये एका रुग्णाचा पहिला सी. टी. स्कॅन निघाला; मग एम. आर. आय. आला. पेट स्कॅनने मेंदूचा कोणता भाग साखर कमी वापरतो ते समजते. अल्झायमर यांनी पाहिलेले डाग जिवंतपणीच दाखवणारे एक द्रव्य अमेरिकेत पिट्सबर्ग येथे तयार झाले. २००२ साली स्वीडनमध्ये ते प्रथम माणसावर वापरले गेले. त्यातून एक कोडेही निघाले. स्मरणशक्ती ठणठणीत असलेल्या कित्येक वृद्धांच्या मेंदूतही हे डाग असतात! म्हणून फोटोत डाग दिसला म्हणजे माणूस विसरभोळा झालाच, असे म्हणता येत नाही. आता रोगाच्या सुरुवातीस डाग कमी करणारी औषधेही निघाली आहेत. त्यांनी रोगाची चाल थोडी मंदावते, तो बरा होत नाही. आणि मेंदूला सूज किंवा रक्तस्राव होत नाही ना, हे पाहण्यासाठी त्यातही पुन्हा एम. आर. आय. लागतोच.

मग आम्हाला त्या फोटोने काय दिले? औषधापेक्षा मोठे काही दिले, असे मी म्हणेन. वस्तू आपणच ठेवली हे ज्याला आठवत नाही, त्याच्या दृष्टीने ती कोणी तरी नेलेलीच असते. आणि जे माणूस सदैव जवळ, आळ त्याच्यावर. सासूबाई माझ्याशी वैर करीत नव्हत्या. त्या आकसलेल्या जागेतून त्यांना जग तसे दिसत होते. हे कळायला मला फोटो पाहावा लागला, याची मात्र थोडी लाज वाटते.

यंदा भाजणी भाजताना त्यांना मी शेजारी पाटावर बसवले आहे. "सूनबाई, धने घातलेस का?" असे त्यांनी सकाळपासून सात वेळा विचारले.

"घातले हो, आई," मी सातव्यांदा सांगितले.