विश्लेषण : पिसाचा झुकता मनोरा अभियंत्यांनी सरळ का केला नाही?

पिसाला जाऊन आलेल्या जवळपास प्रत्येकाच्या मोबाइलमध्ये एक फोटो असतोच. हवेत दोन्ही हात टेकवून मनोरा पडण्यापासून ‘वाचवणारा’ पर्यटक! पण हा मनोरा खरोखर वाचवण्याची वेळ १९९० मध्ये आली होती. त्या वर्षी ७ जानेवारीला त्याचे दार पर्यटकांसाठी बंद झाले आणि ते उघडायला १५ डिसेंबर २००१ उजाडले. आज तिकीट काढून कोणालाही वर जाता येते. मधल्या जवळपास १२ वर्षांत नेमके काय झाले?

हा मनोरा मुळात कशासाठी?

फोटोत मनोरा एकटाच दिसतो, त्यामुळे अनेकांना तो स्वतंत्र स्मारक वाटतो. प्रत्यक्षात तो शेजारच्या कॅथेड्रलचा, म्हणजे मुख्य चर्चचा घंटामनोरा आहे. हे कॅथेड्रल अकराव्या शतकात बांधायला घेतले गेले. प्रार्थनेची वेळ गावाला कळावी म्हणून घंटा उंचावर हवी, एवढाच मनोऱ्याचा उद्देश. त्याचे काम ११७३ मध्ये सुरू झाले आणि चौदाव्या शतकाच्या उत्तरार्धात संपले. कॅथेड्रल, बाप्तिस्मागृह, दफनभूमी आणि मनोरा असा हा सगळा चौक १९८७ पासून युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत आहे.

तो झुकला कशामुळे?

दोष बांधकामाचा कमी आणि जमिनीचा जास्त. सुमारे साडेचौदा हजार टन वजनाचा हा मनोरा जेमतेम तीन मीटर खोल पायावर उभा आहे आणि त्याखाली गाळाची, मऊ चिकणमाती आहे. काळ्या मातीत घर बांधणाऱ्याला पायाची धास्ती का असते, हे आपल्याकडे वेगळे सांगायला नको. इथे तर पाया ठेवला तो थेट मऊ मातीतच. काही मजले चढल्यावर ११७८ च्या सुमारास काम थांबले, ते जवळपास शंभर वर्षांनी, १२७२ मध्ये पुन्हा सुरू झाले. हाच खंड मनोऱ्याच्या पथ्यावर पडला. त्या काळात वजनाखाली मातीतले पाणी हळूहळू निघून गेले आणि माती घट्ट झाली. काम सलग चालले असते तर मनोरा तेव्हाच कोसळला असता, असे भू-तंत्र अभियंते सांगतात.

गवंड्यांना कल त्याच काळात दिसला होता. वरचे मजले बांधताना त्यांनी तो सावरण्याचा प्रयत्न केला. त्यामुळे मनोरा नुसता तिरका नाही, तर केळ्यासारखा किंचित वाकलेलाही आहे.

१९९० मध्ये बंद करण्याची वेळ का आली?

१७ मार्च १९८९ रोजी इटलीतल्याच पाविया शहरात कॅथेड्रलला लागून असलेला जुना मनोरा अचानक कोसळला आणि चार जणांचा जीव गेला. तो पिसासारखा झुकलेला नव्हता. त्याच्या भिंतींचे दगडकामच दबून फुटले होते. पिसाच्या मनोऱ्याची भिंतही आतून-बाहेरून संगमरवर आणि मध्ये चुना-दगडांची भर अशी आहे, शिवाय कलामुळे दक्षिणेच्या बाजूवर जास्त भार येतो. तेव्हा कल साडेपाच अंशांवर होता आणि दरवर्षी मिलिमीटरभराहून थोडा जास्त वाढत होता. धोका दोन्हीकडून होता. पाया कलंडला असता किंवा त्याआधीच भिंत फुटली असती.

मग उपाय काय केले?

पहिला धडा होता तो जुन्या उपायांचा. १८३८ मध्ये मातीत गेलेला तळ दिसावा म्हणून मनोऱ्याभोवती खणले, तेव्हा तो आणखी कलला. १९३० च्या दशकात पायात सिमेंट भरले, तेव्हाही तेच झाले. म्हणून अभियंते मिकेले यामिओल्कोव्स्की यांच्या अध्यक्षतेखालील आंतरराष्ट्रीय समितीने सावध पावले टाकली. १९९२ मध्ये खालच्या भागाला पोलादी तारांचे पट्टे आवळले. पुढच्या वर्षी उत्तरेच्या, म्हणजे वर उचललेल्या बाजूवर सुमारे ६०० टन शिसे रचले. दिसायला ते ओबडधोबड होते, पण कल वाढायचा थांबला. १९९५ मध्ये शिशाऐवजी जमिनीत नांगर रोवण्यासाठी माती गोठवली, तर मनोरा पुन्हा दक्षिणेकडे सरकू लागला. काम थांबवून शिसे ९०० टनांपर्यंत वाढवावे लागले.

अखेर कामी आला तो साधा वाटणारा उपाय. दक्षिणेला टेकू देण्याऐवजी उत्तरेच्या पायाखालून तिरक्या नळ्यांनी थोडी थोडी माती काढायची. माती निघाली की उत्तरेची बाजू तेवढी खाली बसणार आणि मनोरा मागे येणार. समितीतले ब्रिटिश अभियंते जॉन बर्लंड यांनी या पद्धतीचा पाठपुरावा केला. १९९९ ते २००१ दरम्यान सुमारे ३८ घनमीटर माती निघाली. म्हणजे वाळूचे काही ट्रक भरतील एवढीच. मनोऱ्याचा वरचा भाग जवळपास ४५ सेंटिमीटर मागे आला आणि कल सुमारे अर्ध्या अंशाने घटला.

पूर्ण सरळ का केला नाही?

एक तर तो वाकलेला असल्याने सरळ होणारच नाही. पाया सरळ केला तर वरचा भाग उलट्या बाजूला कललेला दिसेल. दुसरे म्हणजे जितकी ढवळाढवळ जास्त, तितका जुन्या दगडकामाला धोका जास्त. तिसरे कारण उघड आहे. सरळ मनोरा बघायला पिसाला कोण जाईल? म्हणून लक्ष्य ठरले ते डोळ्यांना फरक कळू नये, पण मनोऱ्याला पुढची काही शतके मिळावीत, असे.

वर जाताना काय जाणवते?

वेळ ठरवून तिकीट मिळते, पिशव्या खाली ठेवाव्या लागतात आणि आठ वर्षांखालील मुलांना प्रवेश नाही. लिफ्ट नाही. भिंतीच्या पोटातून गोल फिरत जाणाऱ्या अडीचशेहून अधिक संगमरवरी पायऱ्या चढाव्या लागतात. मी इंजिनीअरिंगला सॉइल मेकॅनिक्सचा पेपर कसाबसा सोडवला होता. इथे तो विषय तळपायांना कळतो. एका बाजूने चढताना शरीर बाहेरच्या भिंतीकडे ओढले जाते, अर्धा फेरा झाला की आतल्या भिंतीकडे. शतकानुशतकांच्या पावलांनी पायऱ्यांची झीजही एकसारखी झालेली नाही, जिकडे तोल जातो तिकडे ती जास्त आहे.

वर सात घंटा आहेत. सर्वांत मोठी ‘असुंता’ सतराव्या शतकातली, साडेतीन टनांहून जड. या घंटा आता झोके देऊन वाजवल्या जात नाहीत, कारण झुलणारी घंटा दर झोक्याला मनोऱ्याला आडवा धक्का देते.

घंटाघराच्या जोत्याशी पोहोचलात की एकदा पायऱ्या मोजा. दक्षिणेला सहा आहेत, उत्तरेला चार. सहाशे वर्षांपूर्वीच्या गवंड्यांनी कल पाहून ही वरची खोली तेवढी सरळ करून घेतली होती. फोटोत हात टेकवून मनोरा ‘सावरणाऱ्यांच्या’ रांगेतले सर्वांत जुने मानकरी तेच.